भाजेची वाट आणि चार पायांची सोबत



पर्वत पाटिया हे नाव ऐकून नवख्या माणसास वाटावे की, सुरतेच्या ह्या भागात एखादा डोंगर असावा. तसा तो औषधालाही नाही. पर्वत हे जुन्या गावाचे नाव. आणि हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी उभी असते त्या नाक्याला गुजरातेत पाटिया म्हणतात. गाव शहरात विरून गेले, नाव तेवढे राहिले. सपाट जमीन, कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो आणि एकाला एक खेटून उभी असलेली घरे, एवढ्यात आमची मुले वाढतात. धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या बाजूंनी पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या घरांतली ती मुले. 'सह्याद्री' हा शब्द ती भूगोलाच्या वहीत बिनचूक लिहितात. चढ म्हणजे काय, हे मात्र त्यांच्या पोटऱ्यांना ठाऊक नसते. म्हणून आम्ही काही शिक्षक मंडळी जमेल त्या वर्षी मुलांना घेऊन मावळात जातो. लोणावळ्याच्या पुढे मळवली स्थानकावर उतरावे, भाजे गावातून लेण्यांपाशी जावे, आणि पायांत बळ उरले असेल तर लोहगडाच्या बाजूची वाट धरावी, असा आमचा शिरस्ता.

ह्या वाटेवर माणसांइतकीच कुत्री भेटतात. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. विषय हलका वाटेल. पण 2025 मध्ये, कुत्र्यांचे काय करावे ह्या प्रश्नाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा जितका वेळ घेतला, तितका क्वचितच कुठल्या मुक्या प्राण्याने घेतला असेल. तेव्हा तो तितकासा हलका नाही.

प्रथम ठिकाणाची थोडी ओळख करून देते. भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला. लहानमोठी मिळून ती 22 आहेत. त्यांतील चैत्यगृहाच्या कमानदार छताला मूळचे लाकडी वासे अजून आहेत. दोन हजार वर्षांचे पावसाळे बाहेर कोसळून गेले आणि हे लाकूड आत कोरडे राहिले, ही गोष्ट मुलांना सांगितली की क्षणभर तरी ती मान वर करून गप्प उभी राहतात. थोडे पुढे गेले की 14 लहान स्तूपांचा एक समूह लागतो. तेथे राहून गेलेल्या स्थविरांची ती स्मारके. दक्षिणेच्या अंगाला असलेल्या विहारात रथारूढ सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत.

भिक्षू येथे का राहत, ह्याचे एक कारण पाऊस हे होते. पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायांखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार बुद्धापर्यंत गेली. आणि मग वर्षाकाळाचे तीन महिने एका जागी राहावे असा नियम झाला, असे विनयग्रंथांत सांगितले आहे. गंमत पाहा, जे लोक पावसात चालायचे थांबले त्यांच्या घरांकडे आज आपण नेमके पावसातच चालत जातो. आषाढ-श्रावणातल्या शनिवारी-रविवारी ह्या वाटेवर पाऊल ठेवण्यास जागा नसते. गवत कोण पाहतो!

आजही ह्या डोंगराच्या पायथ्याशी साधक येतात. भाजे येथे 'सद्धम्म प्रदीप' हे साधनाकेंद्र आहे. संघरक्षित ह्यांच्या प्रेरणेने 1979 मध्ये भारतात ज्या संघाचे काम सुरू झाले, आणि जो पूर्वी त्रैलोक्य बौद्ध महासंघ व 2010 पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखला जातो, त्याचे हे केंद्र. ध्यानाच्या शिबिरांना येथे साधी कष्टकरी माणसे येऊन राहतात. मी स्वतः कॅथलिक घरातली; आमच्याकडेही वर्षातून काही दिवस मौन पाळून एकांतात राहण्याची चाल आहे, त्यामुळे त्या शांततेची मला ओळख पटते. ह्याच लोहमार्गावर पुण्याच्या बाजूस थोडे गेले की देहूरोड लागते. तेथील विहारात बाबासाहेब आंबेडकरांनी 25 डिसेंबर 1954 रोजी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसविली. आमच्या नाताळाचा तो दिवस. नागपूरचा सोहळा व्हायला अजून दोन वर्षे होती. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर असते. गाडीत ही हकीकत सांगितली की ती मुले खिडकीपाशी सरसावून बसतात.

आता कुत्र्यांकडे वळू. परदेशांत काही बौद्ध साधनाकेंद्रांनी आपल्या रानातील पायवाटा कुत्रा सोबत घेऊन येणाऱ्यांना खुल्या ठेवल्या आहेत. आपल्याकडेही शहरांतून कुत्री पाळण्याची हौस वाढली, आणि मोटारीतून कुत्रा घेऊन डोंगरावर जाणारी कुटुंबे दिसू लागली. 'आमचा मोती येथे चालेल का?' असे ती विचारतात. प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र डोंगराच्या प्रत्येक टप्प्यावर निराळे मिळते.

मळवलीपासून भाजे गावापर्यंतचा रस्ता आणि तेथून लोहगड-विसापूर ह्यांमधल्या खिंडीकडे चढणारी वाट सर्वांची आहे. तेथे माणूस जातो, गुरे जातात, कुत्राही जातो. साधनाकेंद्राचे आवार हे एक घर आहे, तेव्हा घरधन्यास आधी विचारावे. लेण्यांची गोष्ट वेगळी. ती पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत, आणि संरक्षित स्मारकांसाठी 1959 साली जे नियम झाले त्यांनुसार स्मारकाच्या देखभालीखेरीज अन्य कारणासाठी कोणीही तेथे जनावर आणू नये. लोहगडासही तोच नियम. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत लोहगड आहे. आणि कान्हेरीस तर प्रश्नच उद्भवत नाही. ती लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत. तेथे पाळीव कुत्रा नेता येत नाही.

पण ह्या नियमातील शब्द नीट पाहा. कोणी 'आणू' नये. भाजेचा कुत्रा कोणी आणतच नाही! तो गावच्या वेशीपाशी बसलेला असतो. आपली टोळी दिसली की उठतो, अंग झाडतो आणि चालू लागतो. आपण वाट चुकलो तर खालच्या वळणावर उभा राहतो. लेण्यांच्या पायऱ्या तो आपल्याआधी चढतो, विहाराच्या ओट्यावर जाऊन थंड दगडाला पोट लावून पडतो, आणि पहारेकरी त्याला काही म्हणत नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर असे वाटाडे आहेत. गिर्यारोहकांना विचारा, प्रत्येकाजवळ अशा एका कुत्र्याची गोष्ट असते.

एका वर्षीच्या सहलीत सातवीतली एक मुलगी होती. आदल्या उन्हाळ्यात तिला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला होता. तिने पाचही इंजेक्शने घेतली, जखम भरली, पण भीती गेली नाही. शाळेत येताना ती दोन गल्ल्यांचा वळसा घेई. भाजेच्या वेशीवर तो पिवळसर कुत्रा उठला मात्र, ही जागच्या जागी थिजली. बाकीची मुले हसली. एकाने कुत्र्याला हाकलण्यासाठी दगड उचलला, दुसऱ्याने त्याला जवळ बोलावण्यासाठी बिस्किटाचा पुडा फोडला. मी दोघांनाही थांबविले आणि मुलीला रांगेच्या मध्यभागी घेतले. कुत्र्याकडे पाहू नकोस, धावू नकोस, हात अंगालगत ठेव, एवढेच तिला सांगितले. कुत्रा रांगेच्या शेवटी चालत राहिला. ती दर दहा पावलांनी मान वळवून अंतर मोजत होती. लेण्यांपर्यंत ते अंतर तिने वीस पावलांचे ठेवले. परतीच्या वाटेवर ते सहा-सात पावलांवर आले असावे. तिने त्याला हात लावला नाही, आणि मी लाव म्हटले नाही. ज्याला चावा बसला आहे त्याला भूतदयेचा पाठ देण्याची घाई करणाऱ्या माणसांचा मला राग येतो. तिच्या भीतीला कारण होते.

त्या दिवशी जेवणानंतर मी मुलांना जातकातील एक कथा सांगितली. कुक्कुर जातक तिचे नाव. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाचा रथ रात्री अंगणात पावसात भिजत राहिला. भिजून मऊ झालेली चामड्याची सामग्री राजवाड्यातल्या जातिवंत कुत्र्यांनी कुरतडून खाल्ली. सेवकांनी सकाळी सांगितले की, बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली असावीत. राजा संतापला, दिसेल ते कुत्रे मारा, असा हुकूम सुटला. राजवाड्यातल्या कुत्र्यांना तेवढा हात लागायचा नव्हता. उरलेली जीव घेऊन स्मशानात पळाली. तेथे त्यांचा जो नायक होता, तो म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व. तो एकटा दरबारात आला आणि त्याने राजाला विचारले, चामडे कोणी खाल्ले हे आपण पाहिले काय? मग सर्वांना दंड का, आणि आपल्या घरच्यांना सूट का? शेवटी राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजण्यात आला. त्यांना ओकारी झाली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

मुले खदखदून हसली. त्या मुलीने मात्र एक प्रश्न विचारला: 'बाई, पण ज्याने चामडे खाल्ले त्याचे पुढे काय केले?' जातकात राजा त्यांना शिक्षा करीत नाही. तो बोधिसत्त्वाकडून धर्मोपदेश ऐकतो आणि सर्व प्राण्यांना अभय देतो. हे उत्तर मी दिले. तिचे त्याने समाधान झालेले दिसले नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत असा आदेश दिला, आणि अकरा दिवसांनी, 22 तारखेस, तो बदलला: नसबंदी करून, लस टोचून कुत्र्यांना त्यांच्या जागी परत सोडावे, पिसाळलेल्या वा अंगावर धावून येणाऱ्यांना मात्र सोडू नये. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांपुरता आणखी एक आदेश झाला, तेथून कुत्री हलवावीत असा. ह्या उलटसुलट निर्णयांवर पुष्कळांनी टीका केली. मला मात्र त्यांत ब्रह्मदत्ताचा दरबार आणि त्या मुलीचा प्रश्न, दोन्ही समोरासमोर उभे दिसतात. सरसकट दंड हा अन्याय खरा. परंतु चावणाऱ्याचे काय, हा प्रश्न ज्याच्या पोटरीवर व्रण आहे त्याने विचारलाच पाहिजे, आणि त्याला केवळ अभयाचे उत्तर पुरणार नाही.

बुद्ध स्वतः ह्या बाबतीत भाबडा नव्हता. मज्झिमनिकायात सेनिय नावाचा एक तपस्वी येतो. त्याने कुत्र्याचे व्रत घेतलेले असते. जमिनीवर टाकलेले अन्न तो खातो, कुत्र्यासारखा अंग मुरडून बसतो. ह्या व्रताने ह्याला काय मिळेल, असे त्याच्या सोबत्याने विचारले, तेव्हा बुद्ध दोनदा उत्तर देण्याचे टाळतो आणि तिसऱ्यांदा सांगतो की, ते पुरते पाळले तर कुत्र्याचा जन्म मिळेल. सेनिय रडला, आणि पुढे भिक्षू झाला. प्राण्यावर प्रेम करावे म्हणून प्राण्याच्या बाबतीत आपली बुद्धी गहाण टाकावी असे नाही, असा मी त्या कथेचा अर्थ लावते. पंडित आणखी काही लावतील.

वाटेवरच्या ह्या सोबत्याला जुन्या ग्रंथांत जागोजागी स्थान आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिरामागून शेवटपर्यंत चालत गेला तो कुत्राच. दत्ताच्या तसबिरीत चार श्वान आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या आजीपणजींनी सांगितलेली. आमच्या कॅथलिक पवित्र शास्त्रात तोबीत नावाचा एक ग्रंथ आहे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या प्रतीत तो सहसा नसतो. त्यात तरुण तोबिया दूरच्या प्रवासास निघतो, देवदूत मनुष्यरूपाने त्याची सोबत करतो, आणि त्या दोघांबरोबर एक कुत्रा जातो. त्याला ना नाव, ना काम. कथेत तो काहीही करीत नाही. जाताना दिसतो, आणि परत येताना पुन्हा दिसतो. लिहिणाऱ्याने त्याला का ठेवले असेल, ह्याचा उलगडा मला भाजेच्या वाटेवर झाला. वेशीवरून उठून जो निष्कारण बरोबर येतो, तो लिहिणाऱ्याने पाहिलेला असणार.

तरीही रानाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. गुजरातेत राहणाऱ्यांना ती विसरता येणार नाही. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात अवघ्या काही आठवड्यांत 23 सिंह दगावले, आणि त्यांतील काहींच्या अंगी कॅनाइन डिस्टेंपर ह्या रोगाचा विषाणू सापडला. हा मुळात कुत्र्यांमधला रोग. लस न टोचलेली कुत्री रानाच्या कडेला वावरली म्हणजे तो वन्य श्वापदांत शिरण्याचा धोका राहतो. मावळच्या रानात सिंह नाही, पण बिबट्या आहे, भेकर आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. मोकळा सोडलेला लाडका कुत्रा त्यांच्या दृष्टीने शिकारीच. उलट बिबट्याच्या दृष्टीने कुत्रा हे भक्ष्य आहे. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाविषयी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज केला होता की, तेथील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे कितीतरी चावे टळतात. वाचून अंगावर काटा येतो. पण रानाचा हिशेब आपल्या मर्जीने चालत नाही.

म्हणून आपला कुत्रा घेऊन जाणाऱ्यास दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लसी वेळेवर टोचलेल्या असाव्यात. रेबीजची तर असावीच, डिस्टेंपरचीही असावी. दोरी हातातून सुटू देऊ नये, वाट निर्मनुष्य असली तरी. लेण्यांपाशी घरातल्या एकाने खाली कुत्र्याजवळ थांबावे, मग पाळी बदलावी. आगगाडीने जायचे तर आधी चौकशी करावी: पहिल्या वर्गाची दोन वा चार शायिकांची खोली संपूर्ण आपल्या नावावर असेल तरच कुत्रा जवळ ठेवता येतो, एरवी त्यास गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावे लागते. लांबच्या प्रवासात त्या पेटीतला उकाडा आणि आवाज सोसण्याजोगा कुत्रा मी तरी पाहिलेला नाही. सुरतेहून नेण्यापेक्षा त्याला घरी ठेवणे हीच त्याच्यावर दया.

आणि डोंगरच्या कुत्र्याचे? त्याला बिस्किटे देऊ नयेत, असे मी म्हणते तेव्हा मुले नाराज होतात. शनिवारी-रविवारी शेकडो हात त्याच्यापुढे गोड बिस्किटे धरतात. चॉकलेट तर त्याला विषासमान आहे, तेही कोणी कौतुकाने देतो. मग सोमवारी डोंगर रिकामा होतो. पाच दिवस उपाशी राहिलेला प्राणी पुढल्या शनिवारी पिशवीवर झडप घालतो, कोणा मुलाच्या हाताला दात लागतो, आणि गावकऱ्यांना मग त्याचा बंदोबस्त करावा लागतो. त्या बिस्किटाची किंमत अशी त्याला मोजावी लागते. द्यायचेच असेल तर भाजे गावात ज्या घरी आपण जेवण सांगतो त्या घरच्या बाईजवळ द्यावे. कुत्र्यांना रोज भाकरतुकडा टाकणारी तीच असते, आणि कोणाला लस टोचली, कोणाला नाही, हेही तिला ठाऊक असते. आमच्या वर्गणीतून गेल्या दोन सहलींत आम्ही थोडी रक्कम लशीसाठी अशा एका घरी ठेवून आलो. रक्कम लहान होती. मुलांना त्यात बिस्किटाइतकी मौज वाटली नाही, हेही खरे.

शाळेच्या आवारात दुपारच्या सुटीत येऊन बसणाऱ्या कुत्रीविषयी आता आमच्याकडे चर्चा चालू आहे. काही पालकांना ती नको आहे आणि त्यांचे म्हणणे मी टाकून देऊ शकत नाही. ती नसबंदी झालेली आहे, लस टोचलेली आहे, आजवर कोणावर गुरगुरली नाही. सातवीतली ती मुलगी आता नववीत आहे. तिचे मत विचारले तर ती म्हणते, कुत्रीला फाटकाबाहेर ठेवा, पण लांब नेऊन सोडू नका. हे मत मी पालकसभेत तिच्या शब्दांत मांडणार आहे.

ह्या वर्षीची सहल दिवाळीनंतर, गवत पिवळे पडू लागले की निघेल. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने वसई-कल्याणवरून लोणावळा, तेथून लोकलने मळवली. प्रत्येक मुलाच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी, आणि एक साबणाची वडी सांगितली आहे. साबण कशाला, असे पालक विचारतात. कुत्रा चावला वा नुसता ओरखडला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून पहिली सुई घ्यावी. पुढल्या सुया तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ह्या तारखा मी फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत, आणि सहलीला न येणाऱ्या मुलांनीही त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत.